मोजता न आलेला दाब

पस्तीस वर्षं मी लोकांच्या छातीवर थंडगार जेली लावण्याचा उद्योग केला. 'स्वतःची ओळख एका वाक्यात द्या,' असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला हेच वाक्य सुचलं. त्यांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही, पण त्यात खोटं काही नाही. थंडीच्या दिवसांत सकाळचा पहिला पेशंट टेबलावर आडवा झाला, जेलीचा गोळा अंगावर पडला, की "अगं आई गं!" किंवा त्याहून पुष्कळ मोकळंढाकळं काहीतरी ऐकूनच माझ्या दिवसाला सुरुवात व्हायची.

मी इको टेक्निशियन. इको म्हणजे ध्वनिलहरी आत पाठवून हृदय पडद्यावर पाहायचं. पुण्यातल्या एका जुन्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी हे काम करायची. चित्रं मी काढायची, मापं मी घ्यायची आणि सही डॉक्टरांनी करायची. आमच्या विभागप्रमुख बाईंना सगळं रुग्णालय नुसतं 'मॅडम' म्हणायचं. मॅडम पेठेतल्या. त्या रागावल्या तरी आवाज चढत नसे, वाक्यं तेवढी आखूड होत. "सुलभा, बस" एवढंच म्हणाल्या तर समजावं की आज आपली धडगत नाही.

मी लागले तेव्हा आमच्याकडे एक काळंपांढरं मशीन होतं. त्यात हृदय आहे यावर विश्वास ठेवावा लागे. मग बाजार खुला झाला, शहरात परदेशी गाड्या दिसायला लागल्या आणि आमच्याकडेही एक दिवस लाकडी खोक्यातून रंगीत मशीन उतरलं. पहिल्या दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूचा हार घातला. आमच्या वॉर्डातल्या मावशी कीबोर्डला हळदकुंकू वाहायला निघाल्या होत्या, त्यांना मॅडमनी दारातच अडवलं. शेवटी कुंकू मशीनच्या टेबलाला लागलं आणि नारळ जिन्यात फुटला. आता रक्त कुठून कुठे चाललंय ते लाल-निळ्या रंगांत दिसायला लागलं. मला तर कित्येक दिवस घरी जाऊच नये असं वाटायचं.

हृदयाचे बहुतेक पेशंट डाव्या बाजूच्या तक्रारी घेऊन येतात. माझा जीव मात्र जडला उजव्या बाजूवर, आणि त्याला कारण फुफ्फुसांचे जुने पेशंट. वर्षानुवर्षं दम लागणारी, खोकणारी ही माणसं. फुफ्फुसं खराब होतात तशा त्यांच्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही जाड आणि अरुंद होत जातात. हृदयाच्या उजव्या बाजूला त्यांच्यातून रक्त ढकलायचं असतं. रस्ता अरुंद झाला की तिला जास्त जोर लावावा लागतो. ती काही दिवस निमूटपणे जोर लावते, मग फुगते, मग थकते. हे सगळं होईपर्यंत पेशंट म्हणत असतो, "वयोमानानं दम लागतो हो थोडा."

तो दाब नेमका मोजायचा तर शिरेतून नळी घालून थेट हृदयापर्यंत न्यावी लागते. प्रत्येक दमेकऱ्याला कोण नळ्या घालणार? म्हणून आम्ही बाहेरून खुणा शोधायच्या. उजव्या बाजूच्या झडपेतून बहुतेकांचं थोडं रक्त मागे झिरपतं. वाचकांनी घाबरू नये, तुमचंही झिरपत असेल. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी किती जोरात उडतं त्यावरून मागचा दाब कळतो ना, तसंच या झिरपणाऱ्या धारेच्या वेगावरून आतला दाब काढता येतो. शिवाय उजवा कप्पा किती फुगलाय, मधला पडदा डावीकडे ढकलला गेलाय का, पोटाकडून येणारी मोठी शीर तुडुंब भरलीये का, चालवलं की रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो, अशा बाकीच्या खुणा. एकीवर विसंबायचं नाही, पाचही जणींची साक्ष काढायची.

यात गंमत अशी, की ज्यांच्यात हे पाहायला हवं त्यांच्यातच ते दिसत नाही. ध्वनिलहरींना हवा वर्ज्य. या लोकांची फुफ्फुसं हवेनं फुगून हृदयावर पसरलेली असतात. पडद्यावर नुसता करडा धुरळा. अशा वेळी बरगड्यांच्या खालून, पोटाच्या वरच्या टोकाशी प्रोब, म्हणजे लहरी सोडणारी मशीनची मूठ, दाबून तिरकं वर पाहायचं. तिथे बहुधा फट सापडते. पण त्यासाठी वेळ लागतो, आणि बाहेरच्या बाकावर तीस माणसं घड्याळ पाहत बसलेली असतात.

चालवून पाहण्याची परीक्षाही माझ्याकडेच होती. व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवायच्या, पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावायचा आणि सहा मिनिटं येरझारा घालायला लावायच्या. तेवढ्या वेळात त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, असा नियम. हा नियम पुणेकरांना समजावणं हीच खरी परीक्षा. लिमयेकाका म्हणून एक सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सहा मिनिटं चालून पोहोचायचं कुठे?"

"कुठेच नाही, काका. परत इथेच."

"असं होय. म्हणजे आमच्या खात्यातल्या फायलीसारखं." पुढे म्हणाले, "अहो, सिगारेट सोडून मला वीस वर्षं झाली. फुफ्फुसांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही." मग प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना एक शेरा. मी हसू दाबून घड्याळाकडे बघत राहायची. दर तीन महिन्यांनी त्यांची फेरी असे आणि मी त्या दिवसाची वाट पाहायची.

आता मूळ गोष्ट. शहरात सगळीकडे कॉम्प्युटर झाले तसे आमच्या विभागातही आले. तोवर रिपोर्ट हाताने लिहून टायपिस्टकडे जायचे. एक रिपोर्ट म्हणजे अर्धा तास. नव्या पद्धतीत सगळा रिपोर्ट आधीच भरलेला असे. झडपा नॉर्मल, कप्पे नॉर्मल, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब नॉर्मल. जे बिघडलेलं असेल तेवढीच ओळ आपण बदलायची. पाच मिनिटांत काम फत्ते. रांग हलायला लागली, विश्वस्त खूश झाले, आणि सगळ्यांत खूश मी. टायपिस्टच्या विनवण्या संपल्या होत्या.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी शेवंताबाई आल्या. खराडीकडच्या शेतकरी घरातल्या. गाव शहरात आलं होतं, जमिनीवर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, पण शेवंताबाईंचा गोठा आणि खव्याची भट्टी चालू होती. तीस-पस्तीस वर्षं लाकडाच्या जाळापुढे बसून त्या दूध आटवत होत्या. विडी-सिगारेटचा संबंध नाही. फुफ्फुसं मात्र लिमयेकाकांपेक्षा वाईट. पित्ताशयात खडे झाले होते. बिबवेवाडीत नात्यातल्या एका सर्जनचं छोटं रुग्णालय होतं, तिथे ऑपरेशन ठरलं होतं. दम लागतो म्हणून त्यांनीच हृदय तपासून आणायला आमच्याकडे धाडलं होतं. सोबत सून होती, मंगल.

त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली होती. शेवंताबाईंना आडवं झोपवेना. "बाई, निजलं की जीव घाबरा होतोय," म्हणाल्या. मी त्यांना अर्धवट बसवून जमेल तसं पाहिलं. डावी बाजू ठीक दिसली. उजवीकडे धुरळा. झिरपणारी धार काही सापडली नाही. बरगड्यांखालून बघायला हवं होतं, पण बाहेर कोणीतरी दार वाजवलं आणि मी म्हटलं, असू दे. कॉम्प्युटरवर डाव्या बाजूचे आकडे भरले आणि पुढचा नंबर पुकारला. दाबाच्या ओळीला मी हातच लावला नाही. मला तो दिसला नव्हता, म्हणून मी त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. पण तिथे आधीपासून 'नॉर्मल' लिहिलेलं होतं. संध्याकाळी शंभर कागदांच्या गठ्ठ्यात मॅडमची सही झाली.

तीन दिवसांनी दुपारी मंगल एकटीच आली. राहिलेली एक्स-रेची फिल्म न्यायची होती. हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या ताई. घरच्या खव्याचं हायेत. रिपोर्ट चांगला आला ना, आत्याबाईंनी मुद्दाम पाठवलंय." आत्याबाई म्हणजे सासूबाई.

मी पेढा तोंडात टाकला. सहज विचारलं, "कशा आहेत?"

"पायाला सूज हाय जरा. रातच्याला बसूनच झोपत्यात. पर डॉक्टर म्हनले, हृदय नॉर्मल हाय, दाब नॉर्मल हाय, भ्यायचं काम न्हाई. उद्या सकाळी हाय ऑपरेशन."

दाब नॉर्मल आहे? कोणी मोजला?  मंगलला बसायला सांगून मी आत गेले आणि साठवलेली चित्रं उघडली. धारेचं एकही चित्र नव्हतं. पोटाकडच्या शिरेचं नव्हतं. होता तो करडा धुरळा, आणि त्याच्याखाली स्वच्छ अक्षरांत 'नॉर्मल'. पायाला सूज असलेल्या, बसून झोपणाऱ्या बाईला या एका शब्दाच्या भरवशावर उद्या सकाळी भूल द्यायची होती. उजवी बाजू आधीच थकलेली असली, तर भुलीत ती कोसळू शकते. 

खरं सांगते, मनात क्षणभर आलं की सही माझी नाही. आणि लगेच स्वतःची इतकी शरम वाटली की मी धावतच मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं.

"रिपोर्ट कोणी लिहिला?"

"कॉम्प्युटरमध्ये आधीच तसं..."

"मग त्याला बोलव. त्याच्याशी बोलते."

 मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुलभा, बस. तू न पाहिलेलं लिहू दिलंस. मी न वाचता सही केली. आता रडायचं नंतर. त्या सर्जनचा नंबर काढ." फोनवर त्या काही गोलगोल बोलल्या नाहीत. "आमचा रिपोर्ट चुकीचा आहे. ऑपरेशन थांबवा. पेशंटला आज पुन्हा पाहतो." समोरच्या डॉक्टरांनीही वाद घातला नाही, आभारच मानले.

सगळ्यांत अवघड होतं ते मंगलला सांगणं. ती ताडकन उठली. "म्हंजी काय? चार घरी पेढं वाटून झालं आमचं! त्या दिशी नॉर्मल अन् आज न्हाई? माणूस हाय का बाहुली हाय ती?" तिचं काहीच चुकत नव्हतं. व्हरांड्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चूक माझी आहे. पण त्यांना आजच आण. माझ्यावरचा राग नंतर काढ, मी इथेच आहे." ती पाय आपटत गेली, पण दोन तासांत सासूला रिक्षातून घेऊन आली.

त्या दिवशी मी दाराला आतून कडी लावली. शेवंताबाईंच्या पाठीशी तीन उशा दिल्या, गुडघे वाकवून पोट सैल करायला सांगितलं आणि बरगड्यांखाली प्रोब ठेवून हळूहळू दाबत गेले. पाऊण तास लागला. आधी मोठी शीर दिसली. निरोगी माणसानं नाकानं झटकन श्वास आत ओढला की ती आक्रसते. मी म्हटलं, "आजी, फुलाचा वास घेता तसा श्वास घ्या." त्यांनी घेतला. शीर ढिम्म हलली नाही, भरलेलीच राहिली. मग उजवा कप्पा दिसला, डाव्यापेक्षा मोठा. मधला पडदा ढकललेला. आणि अगदी शेवटी, त्यांनी श्वास सोडून क्षणभर धरला तेव्हा, ती बारीक धार सापडली. वेग मोजला. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी तो आकडा, नॉर्मलच्या दुपटीहून जास्त, स्वतः कागदावर उतरवला. मग व्हरांड्यात चालवलं, तर दुसऱ्याच फेरीला ऑक्सिजन इतका उतरला की आम्ही त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलं. पाचही जणींची साक्ष एक निघाली.

त्यांचा दम खाऊन झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. "आजी, त्या दिवशीचा रिपोर्ट माझ्यामुळे चुकला. मला नीट दिसलं नव्हतं, आणि ते मी लिहिलं नाही."

त्या पायानं चपला चाचपायला लागल्या. मग म्हणाल्या, "खवा बुडाला लागला ना, तर आमी वरवरचा काढून इकतो. गिऱ्हाइकाला कोन सांगतंय?" ते कौतुक होतं की टोमणा, मला तेव्हा कळलं नाही. मी त्यांचा चपला घालायला वाकलेला हात धरला आणि चपला स्वतः पुढे सरकवल्या.

ऑपरेशन पुढे ढकललं. घरी ऑक्सिजनचं यंत्र बसलं, पायाची सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, भट्टी बंद झाली. भट्टी बंद करायला मॅडमना त्यांच्याशी तासभर भांडावं लागलं.

इकडे मॅडमनी मला दुसरं काम लावलं. कॉम्प्युटर आल्यापासूनच्या सगळ्या फुफ्फुसाच्या पेशंटांचे रिपोर्ट बाहेर काढायचे, चित्रं पुन्हा बघायची आणि जिथे न पाहताच 'नॉर्मल' गेलंय त्यांना बोलवायचं. रविवारी आम्ही दोघी बसायचो. त्या घरून डबा आणायच्या आणि न बोलता माझ्यापुढे सरकवायच्या. इतक्या मोठ्या बाईनं माझ्या शेजारी बसून माझ्या चुका निस्तराव्यात, आणि एकदाही 'तुझ्यामुळे' हा शब्द काढू नये, याचं ऋण मी कशानं फेडणार?

त्या यादीत लिमयेकाका होते. फोन काकूंनी उचलला. "ते गेले हो. गणपतीच्या आधी. एकाएकी दम लागला, अन् दवाखान्यात नेईपर्यंत..." पुढे त्याच म्हणाल्या, "तुमच्याबद्दल सांगायचे घरी आल्यावर. ती बाई हसत नाही, पण मी हसवणार म्हणायचे." मी हसायचे काकू, मी दर वेळी हसायचे, एवढंच कसंबसं सांगितलं. रिपोर्टबद्दलही सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी मॅडमना विचारलं, "वेळेवर कळलं असतं तर वाचले असते का?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. तूही माहीत असल्यासारखं करू नकोस." हे दुखणं माझ्याजवळ आहे आणि ते राहणार.

कॉम्प्युटरवाल्या कंपनीतून एक इंजिनिअर मुलगी आली, यवतमाळकडची. तिला वाटलं, रिपोर्ट आणखी लवकर व्हावा अशी आमची मागणी असणार. मॅडम म्हणाल्या, "उलट. थोडा उशीर करून द्या." मग दाबाची ओळ रिकामी ठेवली गेली. ती भरल्याशिवाय रिपोर्ट छापलाच जायचा नाही. आणि निवडायला एक जादा उत्तर आलं: 'मोजता आला नाही'. मुलगी म्हणाली, "मॅडम, असं लिहिलं तर पेशंटला वाटेल की तुमचं मशीन चांगलं नाही." मॅडम म्हणाल्या, "वाटू दे." पुढे कित्येक डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं की हे काय उत्तर झालं. मी सांगायची, खरं उत्तर आहे. मग बहुतेक जण पुढची तपासणी करायचे.

तीन-चार महिन्यांनी शेवंताबाईंचं ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सकाळी मला थिएटरच्या दाराशी बोलावून विचारलं, "उजवी बाजू तुम्ही स्वतः पाहिलीत?" मी म्हटलं, "काल पुन्हा पाहिली. सूज उतरलीये, शीर श्वासाबरोबर हलते आहे. दाब अजून जास्त आहे, पण आधीपेक्षा कमी." ते आत गेले. त्या दिवशी मी पेशंट पाहिले खरे, पण कान जिन्याकडे लागलेले. मंगल व्हरांड्यात बसून होती. आमच्यात तोवर फारसं बोलणं नव्हतं. दुपारी आतून निरोप आला की सगळं ठीक झालं, तेव्हा ती उठून माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. पेशंटनी जरा वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. शेवंताबाई नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसल्या होत्या आणि चहात दूध नाही म्हणून मावशींना बोल लावत होत्या. मला पाहून त्यांनी हात केला, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझी ओळख करून दिली. "ही माझी बाई. हिनं मला आधी चुकीचं सांगितलं, अन् मग सोताच येऊन बरोबर सांगितलं."

निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात बऱ्याच जणांनी माझ्याबद्दल बरंच चांगलं सांगितलं. पण इतकी नेमकी ओळख कोणालाच करून देता आली नाही.